चोर सोडून संन्याशाला फाशी नको

(न्यू जर्सीत काम करणाऱ्या मराठी मंडळींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे. कायद्याची नावं आणि आकडे मात्र नीट लिहून काढले आहेत.)



आजचा विषय गॅस स्टेशनवरच्या पेट्रोलचोरीचा. तुम्ही म्हणाल, हा माणूस बांधकामावरचा सुपरवायझर, डिप्लोमा सिव्हिलचा, याचा पंपाशी काय संबंध? संबंध असा की माझ्या साइटवरच्या गाड्या रोज पहाटे पंपावर डिझेल भरतात आणि त्याचा हिशेब माझ्या टेबलावर येतो. दुसरं म्हणजे, आपल्यातली निम्मी पोरं आठवडाभर काँक्रीट ओततात आणि शनिवार-रविवार पंपावर रात्रपाळी करतात. काहीजण तर पूर्णवेळ पंपावरच आहेत. म्हणजे चोरी झाली की तिचा चटका आपल्याच माणसाला बसतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. पंपावर चोरी झाली तर तो तोटा मालकाच्या धंद्याचा आहे. तो तुमच्या पगारातून भरायचा नाही आणि तुमच्या जिवानं तर अजिबात नाही. या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. ज्याच्या पगारातून चोरीचे पैसे कापले जातात, तोच माणूस पुढच्या वेळी गाडीमागं धावतो.

एक उदाहरण देतो. नाव सांगत नाही, पंपाचंही नाही. जत तालुक्यातला मुलगा, इथल्याच एका पंपावर रात्रपाळीला. एका गाडीत ९२ डॉलरचं पेट्रोल भरलं. गिऱ्हाईक म्हणालं, "आतून पाणी आणतो, मग पैसे देतो." दार लावलं आणि गाडी निघून गेली. आठवड्याच्या पगारात ९२ डॉलर कमी. मुलगा काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी दुसरी गाडी तशीच निघाली, तेव्हा हा पठ्ठ्या गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. कोपर फुटलं आणि गुडघा सोलला, त्यावरच निभावलं. मी विचारलं, "अरे, कशाला गेलास?" तो म्हणाला, "दादा, मागच्या वेळचे कापले होते ना."

त्याच्या या उत्तरासाठी आज मी बोलायला उभा आहे.

आधी चोरी कशी होते ते बघू. ती ओळखता आली तर निम्मं काम होतं.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे भरून पळणं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आता आधी कार्ड किंवा पैसे, मग पेट्रोल, त्यामुळं हा प्रकार पूर्वीपेक्षा कमी आहे. पण न्यू जर्सीत गोष्ट वेगळी आहे. इथं १९४९ पासून गिऱ्हाइकानं स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. ओरेगॉननं २०२३ मध्ये आपली बंदी उठवली, तेव्हापासून असा नियम असलेलं न्यू जर्सी हे एकटंच राज्य उरलं. इतर राज्यांत कामगार काचेमागं बसलेला असतो. इथं तो गाडी आणि पंप यांच्या मधे उभा असतो, हातात नोझल आणि खिशात रोकड घेऊन. म्हणून हा धोका आपल्याकडं जास्त.

दुसरा प्रकार कार्डाचा. पंपाच्या आत स्किमर नावाचं छोटं यंत्र बसवतात आणि ते गिऱ्हाइकाच्या कार्डाची माहिती चोरतं. मग त्या माहितीवर खोटं कार्ड बनवून दुसऱ्या पंपावर शेकडो गॅलन डिझेल भरतात. चिपवाल्या कार्डाची सोय पंपांवर उशिरा आली. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी बाहेरच्या पंपांसाठी दिलेली मुदत एप्रिल २०२१ मध्ये संपली. त्यानंतर ज्या पंपावर चिपची सोय नाही, तिथल्या खोट्या कार्डाचा तोटा साधारणपणे पंपमालकावर येतो.

तिसरा प्रकार यंत्राशी खेळण्याचा. पंपाच्या आत पल्सर नावाचा भाग असतो. किती इंधन गेलं ते तो मोजतो आणि आकडा पडद्यावर पाठवतो. त्याच्यात फेरफार केला की पाच-दहा गॅलन जातात आणि पडद्यावर एकच दिसतो. हे ऐकून काहीजणांना आपल्याकडचं आठवेल. २०१७ साली ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रभर पंपांवर धाडी टाकल्या होत्या, त्या याच पल्सरच्या भानगडीवरून. तिकडं मापात पाप करून गिऱ्हाइकाला कमी पेट्रोल दिलं जात होतं. इकडं चोर त्याच भागाशी खेळून पंपाकडून जास्त घेतो. हे चोर पिकअप किंवा व्हॅनमध्ये लपवलेली मोठी टाकी घेऊन येतात. फ्लोरिडामध्ये तर अशी लपवलेली टाकी वापरून इंधन नेण्यावर वेगळा गुन्हाच आहे. एखादी साधी व्हॅन वीस मिनिटं पंपाला चिकटून आहे आणि पडद्यावरचा आकडा हलत नाही, असं दिसलं तर काय चाललंय ते तुम्ही समजून जा.

आता हे लक्षात घ्या की या तिन्ही प्रकारांत तुम्ही काय करू शकत होता? कार्ड खोटं आहे हे बँकेच्या यंत्राला कळलं नाही, ते तुम्हाला कसं कळणार? पंपाच्या आतला भाग कोणी बदलला, हे नोझल धरणाऱ्याला कसं दिसणार? तरी शिफ्टच्या शेवटी हिशेब जुळला नाही की बोट तुमच्याकडं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आपण हे मुकाट्यानं का ऐकून घेतो? कारण आपल्याला त्याची सवय आहे. गावाकडं पंपावर काम केलेल्यांना 'शॉर्टेज' हा शब्द माहीत आहे. संध्याकाळी मीटर आणि रोकड जुळली नाही की पोरांनी आपसात पैसे काढून भरायचे, ही पद्धत. खरं तर तिकडचा कायदाही एवढा मोकळा नव्हता. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होतं की कामगाराच्या थेट निष्काळजीपणामुळं पैसे गेले तरच कापायचे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू सांगायची संधी द्यायची. पण ते वाचलंय कुणी? ती सवय आपण विमानातून इथं घेऊन आलो. इथले बरेच मालकही आपल्याकडचेच असतात, आणि तीच पद्धत त्यांच्याही अंगवळणी असते.

इंधनाच्या चोरीत जीव जातो, हे मी घाबरवायला सांगत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ ला तिथं मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाचा काळाबाजार करणाऱ्या टोळीनं जिवंत जाळलं. अपर जिल्हाधिकारी म्हणजे सरकारचा अधिकार हातात असलेला माणूस, आणि दिवसाढवळ्या. तिथं त्यांचं असं झालं, तर रात्री दोन वाजता एकट्या उभ्या असलेल्या आपल्या पोराचं काय?

शेजारच्या कॅनडात तर नेमकं आपल्या विषयाचंच घडलं. मार्च २००५ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मेपल रिज इथं २४ वर्षांचा पंपावरचा मुलगा बारा-तेरा डॉलरच्या पेट्रोलपायी गाडीखाली सापडला आणि कित्येक किलोमीटर फरफटत गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये टोरांटोत गुजरातहून आलेला ४४ वर्षांचा माणूस, बायकोमुलाला मागं ठेवून गेला. चोरी सुमारे ११२ डॉलरची. २०१५ मध्ये कॅलगरीत इराणहून आलेली बाई, चोरी ११३ डॉलरची. ऑक्टोबर २०१७ मध्ये अल्बर्टातल्याच थोर्सबी गावात खुद्द पंपमालक गेला, चोरी १९८ डॉलरची. यातले बरेचजण आपल्यासारखेच बाहेरून पोट भरायला आलेले होते, हे बघा.

या मरणांनंतर तिकडं कायदे बदलले. ब्रिटिश कोलंबियात २००८ पासून आधी पैसे, मग पेट्रोल, ही सक्ती झाली. त्या मेलेल्या मुलाच्या नावावरून लोक त्याला 'ग्रँट्स लॉ' म्हणतात. अल्बर्टात १ जून २०१८ पासून तशीच सक्ती आली. म्हणजे उपाय काय, ते सगळ्यांना माहीत आहे. पळणाऱ्या गाडीमागं माणूस धाडायचा नसतो, नोझल उचलायच्या आधी पैसे घ्यायचे असतात. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू असा नियम नाही, म्हणून तो नियम आपल्या पंपावर आपणच मागायचा.

आता कायद्याकडं येऊ. हे लिहून घ्या.

देशभराचा कायदा म्हणजे १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. त्याखाली अमेरिकेच्या श्रम खात्यानं स्पष्ट सांगितलंय की गिऱ्हाइकानं पैसे बुडवले, कुणी चोरी केली, मालकाच्या वस्तूचं नुकसान झालं, तर हे मालकाच्या धंद्याचे खर्च आहेत. ते कामगाराकडून वसूल करताना त्याचा पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये आणि ओव्हरटाइमच्या पैशाला हात लागता कामा नये. तुमच्या हलगर्जीपणामुळं तोटा झाला असं मालक म्हणाला, तरीही हीच मर्यादा. आणि पगारातून न कापता "खिशातून भर" असं सांगणं, हीसुद्धा कपातच धरली जाते.

हिशेब करून दाखवतो. देशाचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. समजा एखाद्या राज्यात हेच वेतन लागू आहे आणि तुम्हाला तासाला ९ डॉलर मिळतात. ४० तासांचे झाले ३६०. किमान वेतनानं ४० तासांचे होतात २९०. म्हणजे देशाच्या कायद्यानं जास्तीत जास्त ७० डॉलरपर्यंत कापता येईल, तेही त्या राज्याचा कायदा आड येत नसेल तर. ९२ कापले तर २२ डॉलर बेकायदा. आणि तुम्हाला नेमके ७.२५ च मिळत असतील, तर एक सेंटही कापता येत नाही.

राज्यांचे कायदे बऱ्याचदा याहून कडक आहेत. न्यू जर्सीत पगारातून काय काय कापता येतं याची यादीच कायद्यात दिली आहे. कर, विमा, बचत असल्या गोष्टी त्यात आहेत. चोरी किंवा कमी पडलेली रोकड त्या यादीत नाही. म्हणून इथं किमान वेतनाचं गणित करत बसायचीसुद्धा गरज नाही. तुम्हाला तासाला २० डॉलर मिळत असले तरी ९२ डॉलर कापता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये लेबर लॉचं कलम १९३ आहे. रोकड कमी पडली, माल फुटला, तोटा झाला म्हणून कपात किंवा दंड तिथं चालत नाही. कॅलिफोर्नियात कामगारानं स्वतः लबाडी केली, मुद्दाम केलं किंवा फारच बेफिकिरी केली, हे मालकानं दाखवून दिलं तरच वसुलीचा प्रश्न येतो. टेक्ससमध्ये कामगाराची लेखी संमती लागते. म्हणून टेक्ससवाल्यांनी नोकरीला लागताना पुढं सरकवलेला कागद न वाचता सही करू नये. त्यात "तोटा झाल्यास पगारातून कापावे" अशी ओळ असू शकते.

आता प्रत्यक्ष काय करायचं, ते सांगतो.

चोरी होण्याआधी. मालकाला आधी पैसे घेण्याची परवानगी मागा, आणि शक्यतो मेसेजवर मागा, म्हणजे नोंद राहते. "रात्री दहानंतर आधी कार्ड किंवा रोख घेऊन मगच पेट्रोल सुरू करू का?" एवढं एक वाक्य पुरे. न्यू जर्सीतला गिऱ्हाईक गाडीत बसून असतो, कार्ड मागितलं तर देतो. खिशात मोठी रोकड ठेवू नका. थोड्या थोड्या वेळानं पैसे तिजोरीत टाका आणि किती, किती वाजता, ते लिहा. रात्रीच्या दुकानांसाठी आणि पंपांसाठी ओशा या सरकारी सुरक्षा संस्थेनं १९९८ मध्येच सूचना काढल्या आहेत. भरपूर उजेड, बाहेरून दिसेल अशी खिडकी, कमी रोकड, उघडता न येणारी तिजोरी. म्हणजे हे काही तुमचे चोचले नाहीत.

चोरी होताना. मागं धावू नका. गाडीपुढं उभं राहू नका. दार, आरसा, हँडल धरू नका. गाडीवर काही फेकू नका. आपल्या गाडीतून पाठलाग तर नाहीच नाही. मागं सरा, आत जा, दार लावा. हत्यार दाखवून पैसे मागितले तर देऊन टाका. डोळ्यांनी मात्र काम करा: नंबर प्लेट, कुठल्या राज्याची, गाडीचा रंग आणि कंपनी, किती माणसं, कुठल्या दिशेला गेली. बोलत बोलत फोनमध्ये रेकॉर्ड केलं तरी चालतं. घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटांनी नंबर आठवत नाही.

चोरी झाल्यावर. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा प्रकार चालू असेल तर ९११. गाडी निघून गेली असेल तर गावच्या पोलिसांचा साधा नंबर, तो आधीच काउंटरवर चिकटवून ठेवा. पोलिसांकडून रिपोर्टचा नंबर घ्या. मग मालकाला मेसेज करा: तारीख, वेळ, पंप नंबर, किती डॉलर, रिपोर्ट नंबर. मालकाला विम्यासाठीही हेच लागतं. तुम्हाला लागलं असेल तर त्याच शिफ्टमध्ये सांगा आणि डॉक्टरकडं जा. कामावर लागलं तर बहुतेक राज्यांत कामगार भरपाईचा विमा असतो आणि त्यात चूक कुणाची हे बघत नाहीत. टेक्ससमध्ये खासगी मालकाला हा विमा सक्तीचा नाही. तिथल्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशीच विचारून घ्यावं.

आता मालक म्हणाला, "तुझ्या पगारातून कापतो," तर काय बोलायचं? भांडू नका. मी त्या जतच्या मुलाला सांगितलं होतं ते तुम्हालाही सांगतो. शांतपणे म्हणा, "भाऊ, पोलिसात तक्रार केली आहे, रिपोर्ट नंबर दिला आहे. चोरीचे पैसे पगारातून कापायला न्यू जर्सीत परवानगी नाही. पूर्ण पगार द्या." तेच मेसेजवरही लिहा. "मी ९२ डॉलर देणं लागतो" अशा कुठल्याही कागदावर सही करायची नाही. "माझ्याकडून चूक झाली" असंही लिहून द्यायचं नाही.

त्या मुलाचं पुढं काय झालं, हे पण सांगतो, कारण गोड गोड सांगून उपयोग नाही. ९२ डॉलर परत मिळाले, दोन आठवड्यांनी. पण त्याच्या शिफ्ट पाचाच्या तीन केल्या गेल्या. तक्रार केली म्हणून शिफ्ट कापणं, कामावरून काढणं, धमकावणं, हाही कायद्यानं गुन्हाच धरला जातो आणि त्याची वेगळी तक्रार करता येते. त्यानं ती केली नाही. दुसऱ्या पंपावर काम मिळालं, तिथं आधी पैसे घेतात. त्याचा निर्णय त्याचा. त्याच्या जागी आलेल्या मुलाच्या पगारातून मात्र अजून काही कापलेलं नाही.

तक्रार कुठं करायची? देशाच्या श्रम खात्याचा वेज अँड अवर डिव्हिजन, फोन १-८६६-४८७-९२४३. दुभाष्या मिळतो. तुमचा व्हिसा कुठला, कागद आहेत की नाहीत, हे बघून ते केलेल्या कामाचा पगार नाकारत नाहीत. देशाच्या कायद्याखाली मागच्या दोन वर्षांची रक्कम मागता येते, मालकानं जाणूनबुजून केलं असेल तर तीन वर्षांची. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्यानं सहा वर्षांची मुदत आहे, न्यूयॉर्कमध्येही सहा. म्हणजे "आता उशीर झाला" असं समजून सोडून देऊ नका. कागदांची भीती असेल तर थेट फोन करण्याआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेकडं किंवा जवळच्या कामगार केंद्रात जा. तिथं आधी नीट बोलून घ्या, मग ठरवा.

यासाठी पुरावा लागतो. स्वस्तातली एक वही घ्या. रोज कामाची सुरुवात, शेवट, जेवणाची सुट्टी, मिळालेले पैसे, कापलेले पैसे, कारण. पगार रोखीत मिळत असेल तर ही वही आणखीनच महत्त्वाची. मालकानं तासांची नोंद ठेवलेली नसेल, तर कामगाराच्या स्वतःच्या नोंदीला वजन येतं. वही पंपावर ठेवायची नाही, खोलीवर ठेवायची. महिन्याला तिचे फोटो काढून घरच्यांना पाठवून द्या.

आता दुसऱ्या बाजूचं बोलतो, कारण सगळेच संन्याशी नसतात. पंपावर कधीकधी एखादा गोड बोलणारा माणूस येतो. "फक्त पंपाची किल्ली दहा मिनिटं दे, पाचशे डॉलर देतो," किंवा "गिऱ्हाइकाचं कार्ड या छोट्या यंत्रातून एकदा फिरवायचं, बस." इथं न्यू जर्सीत कार्ड आपल्या हातात येतं, म्हणून ते आपल्याकडं येतात. याला नाही म्हणायचं आणि मालकाला कळवायचं. कार्डाच्या माहितीची चोरी हा देशाच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत, काही प्रकारांत १५. शिवाय चोरी आणि फसवणुकीच्या गुन्ह्यानं व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं धोक्यात येतं. पकडला जातो तो किल्ली देणारा. पाचशे देणारा तोवर तिसऱ्या राज्यात असतो.

म्हणूनच, कुणी तुमच्यावर चोरीचा खोटा आळ घेतला तर "चल, मान्य कर आणि मिटवून टाक" या बोलण्याला भुलू नका. पोलिसांनी विचारपूस सुरू केली तर "मला वकील हवा" एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. २०१० मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं की गुन्हा कबूल केल्यानं देशाबाहेर काढलं जाऊ शकतं का, हे वकिलानं परदेशी अशिलाला सांगितलंच पाहिजे. तेव्हा सही करण्याआधी तो प्रश्न विचाराच.

बांधकामावरच्यांसाठी दोन शब्द. कंपनी डिझेलसाठी कार्ड देते. प्रत्येकाचा पिन वेगळा असतो, आणि त्या पिनवर जे भरलं ते तुमच्या नावावर पडतं. "तुझा पिन दे रे, माझा चालत नाही," असं जिवलग मित्र म्हणाला तरी द्यायचा नाही. माझ्याकडं महिन्याचा हिशेब येतो तेव्हा मी पहिलं काय बघतो? टाकी २६ गॅलनची आणि बिल ४० गॅलनचं असेल तर मला त्या पिनवाल्याला विचारावंच लागतं. प्रत्येक वेळी पावती घ्या, मागं गाडीचा नंबर आणि मीटर लिहा, फोटो काढा. कार्ड हरवलं तर त्याच तासाला मेसेज करा. माझ्यासारख्या सुपरवायझरलाही मग तुमच्या बाजूनं उभं राहता येतं.

मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलं होतं, "मालक आपलाच माणूस आहे. त्यानं खोली दिली, पहिली नोकरी दिली. ऐंशी-नव्वद डॉलरसाठी संबंध कशाला बिघडवायचे?" काकांचा प्रश्न खरा आहे. परदेशात पहिल्या महिन्यात ज्यानं हात दिला, त्याला कोर्ट-कचेरी दाखवायला जीव धजत नाही. मी एवढंच म्हणेन, उपकार वेगळे आणि पगार वेगळा. उपकाराची फेड त्याच्या घरच्या कार्यात राबून करा, अडीनडीला धावून जा. पण पगारातून कापायची पद्धत एकदा पडली की ती तुमच्यावर थांबत नाही, तुमच्यानंतर गावाहून येणाऱ्या पोरावर जाते. आणि तो पोरगा गाडीमागं धावतो. आपलाच माणूस असेल तर त्याला हे समजावून सांगणं आणखी सोपं असायला हवं.

इथं दोन-चार पंपमालकही बसले आहेत, आपलेच आहेत. भाऊ, तुमचंही पोट त्यावर आहे हे मला ठाऊक आहे. पेट्रोलवर गॅलनमागं हातात फार थोडे सेंट राहतात आणि एक गाडी पळाली तर दिवसाचा नफा जातो. पण त्यावर उपाय तुमच्याच हातात आहे. आधी पैसे घ्या. पंपाची सील दर शिफ्टला तपासा, तिचे नंबर लिहून ठेवा. पंपाचं कुलूप बदलून घ्या, कारण बऱ्याच पंपांना एकच किल्ली चालते. आणि भिंतीवर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत एक ओळ लावा: 'गाडी पळाली तर मागे धावू नये. पैसे कापले जाणार नाहीत.' ही ओळ असेल तर कामगार नीट लक्ष देऊन नंबर टिपतो. नसेल तर तो पळतो.

हे भाषण आखातातले, सिंगापूरमधले भाऊही वाचतील. तुमच्याकडचे कपातीचे कायदे वेगळे आहेत, तिथलं तिथं विचारून घ्या. पण चालत्या गाडीपुढं उभं राहायचं नाही, हे सगळ्या देशांत सारखंच.

जाताना प्रत्येकानं आज एक काम करा. या आठवड्याचा पगाराचा कागद काढा, कपातीची ओळ वाचा. काय कापलं ते कळलं नाही तर पुढच्या रविवारी तो कागद घेऊन या, आपण बसून बघू. चहा माझ्याकडून.